सासूबाईंचं अनुरेखन

अनुरेखक म्हणजे काय, हे मला आयुष्यात फार लोकांना समजावून सांगावं लागलं आहे. बँकेत खातं उघडताना तिथल्या बाईंना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 'इतर'वर खूण केली.

धरणं बांधणाऱ्या एका सरकारी खात्याच्या अमरावतीच्या कार्यालयात मी अख्खी नोकरी अनुरेखक म्हणून केली. खात्याचं नाव घेत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. साहेब नकाशा काढायचे, मी त्यावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं उतरवायचो. साहेबांची रेष जिथून गेली तिथून माझी गेली. साहेबांची चुकली तर माझीही त्याच ठिकाणी आणि तितकीच चुकली. मेळघाटाच्या पायथ्याशी एका तलावाचा सांडवा कागदावर आजही एका माणसाच्या गोठ्यातून जातो आणि त्यात माझा काही दोष नाही. स्वतःच्या मनाची म्हणून एकही रेष मी सरकारी कागदावर ओढली नाही. याला मी चारित्र्य समजतो. माझा मेव्हणा चंद्रभान याला वेगळं काही समजतो.

चंद्रभानचं अकोल्याला बी-बियाण्याचं दुकान आहे. इतकी वर्षं तो जुन्या शहरात राहिला आणि आता मोर्णा नदीच्या पलीकडे नवं घर बांधून बसला आहे. दिवाळीनंतर वास्तुपूजन ठरलं होतं आणि त्याची बोलणी करायला आम्ही उभयता गेलो होतो. हॉलच्या मोठ्या भिंतीवर आईचा फोटो लावायचा म्हणून चंद्रभाननं तो करून आणला होता. माझ्या सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एकच फोटो आहे, तोही कुठल्याशा ओळखपत्रावरचा. तो मोठा केल्यावर त्यात सासूबाई कमी आणि शिक्का जास्त दिसत होता.

वच्छलेनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, तो हातात धरून पाहिला आणि पालथा ठेवला.

"माय अशी बसली का रे चंदू कधी एका जागी?" ती म्हणाली. "मले ते चालताना पाहाची हाये. एक डाव."

मी आपण होऊन फारसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोललो. आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. ती खराब झाली होती, तरी माणसं हलताना दिसत होती. आणि त्याच आठवड्यात मी मोबाइलवर पाहिलं होतं की परदेशात लोक असल्या चित्रीकरणाचं एकेक चित्र सुटं करतात, त्यावर कागद ठेवून गिरवतात आणि गिरवलेली चित्रं भराभर दाखवतात. माणूस रेषांचा होऊन चालू लागतो. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. म्हणजे अनुरेखनच, फक्त पगार बरा. मी म्हणालो, वास्तूच्या दिवशी सासूबाई या भिंतीवर चालतील.

चंद्रभाननं घरच्या सगळ्यांकडे आणि त्याच्या व्याह्यांकडे पाहून घेतलं. "भाऊजी," तो म्हणाला, "तुमी जलमभर दुसऱ्याच्या रेषा गिरवल्या. मेलेल्या मानसाले कसे चालवान?"

सगळे हसले. मी चहा अर्धा ठेवला. जावयानं चहा अर्धा ठेवला की घरात धावपळ व्हावी अशी अपेक्षा असते. कोणी धावलं नाही. वच्छला मात्र हसली नव्हती, माझ्याकडे पाहत होती. खरंच होईल का, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. इज्जतीचं मी नंतर पाहून घेतलं असतं, पण त्या तोंडाला आता नाही म्हणता येईना.

इथं सासूबाईंविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्याकडे त्या काळी सासूनं जावयासमोर येण्याची पद्धत नव्हती, आणि आलीच तर तोंडावर पदर ओढून. जावयानंही मान वर करून पाहायचं नसे. मी सासुरवाडीला जेवायला बसलो की सासूबाई दाराआडून म्हणायच्या, "चंदू, जवायाले इचार, भाजी वाढू का?" चंदू मला विचारायचा. मी चंदूला सांगायचो, थोडी. चंदू आत सांगायचा. माझ्यात आणि सासूबाईंत हातभर अंतर असे आणि चंदू ओसरीवर लांब पत्ते खेळत असे, तरी निरोप त्याच्यामार्फतच जाई. लग्नानंतर दोनच वर्षांत त्या वारल्या. तोवर मी त्यांचा आवाज, वाढणारा हात आणि लुगड्याचा काठ एवढंच ओळखत होतो. हे मी चंद्रभानच्या हॉलमध्ये बोलताना ध्यानात घ्यायला हवं होतं.

अमरावतीला राजापेठेकडून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलं की एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर ॲनिमेशनचा क्लास आहे. प्रवेश घ्यायला गेलो तर संगणकानं माझ्या पालकांचा मोबाइल नंबर मागितला. मी सांगितलं, माझे वडील पुंजारामजी वारले, आणि असते तरी त्यांनी फोन उचलला नसता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शेवटी वच्छलेचा टाकला. पुढं एकदा दाढ काढायला गेलो आणि वर्ग बुडाला, तेव्हा तिच्या फोनवर संदेश आला की आपला पाल्य आज गैरहजर आहे, पालकांनी लक्ष द्यावे. तो संदेश तिनं अजून जपून ठेवला आहे आणि आल्यागेल्याला दाखवते.

शिकवणारी गीतांजली माझ्या पुतणीच्या वयाची होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं की एका सेकंदाच्या चालीला बारा चित्रं लागतात. ते ऐकून दोन मुलं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. मला मात्र पहिल्यांदाच वाटलं की जगानं माझ्या खात्याची दखल घेतली. ती म्हणाली, काका, संगणकावर पेननं काढा, चुकलं तर मागं जाता येतं. मी म्हणालो, आमच्या खात्यात मागं जायची सोय नव्हती, चुकलं तर साहेब जेवायला जाईपर्यंत थांबून ब्लेडनं खरवडावं लागे. मी कागदावरच काढणार. तिनं फार ताणलं नाही. कॅसेटवरची चित्रं सुटी करून द्यायचं तिनं कबूल केलं, आणि ती झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचं माझ्याकडे आलं.

गिरवायला टेबल लागतं. वर काच, खाली दिवा. असं टेबल मी नोकरीभर वापरलं होतं आणि ते अजून आमच्या जुन्या कार्यालयाच्या भांडारात होतं, हे मला ठाऊक होतं. गेलो. टेबल होतं, त्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ होता. भांडारातले बाबू आदरानं बोलले. ते म्हणाले, टेबल जडवस्तूंच्या नोंदीत आहे, उसनं देता येत नाही. निकामी ठरलं तर लिलावात काढता येईल. निकामी ठरवायला तांत्रिक माणसाचा दाखला लागतो. या टेबलाचा तांत्रिक माणूस म्हणजे अनुरेखक, आणि ते पद मी निवृत्त झाल्यापासून रिकामं आहे. मी म्हणालो, मी देतो लिहून. ते म्हणाले, तुम्ही सेवेत नाही. म्हणजे टेबल निकामी आहे असं म्हणणारा माणूस खात्यात नव्हता, म्हणून ते कामाचं होतं, आणि कामाचं होतं म्हणून देता येत नव्हतं. माठ ठेवायला हरकत नव्हती, कारण माठाची नोंदच नव्हती.

मग लग्नात आलेला काचेचा टीपॉय काढला. शेजारच्या ओमप्रकाशचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, त्यानं काचेखाली दिव्यांची पट्टी लावून दिली. ती गणपतीच्या आराशीतली उरलेली होती. लाल, हिरवी, निळी अशी आळीपाळीनं पेटायची. पहिले काही दिवस मी सासूबाई लाल झाल्या की गिरवायचो आणि निळ्या झाल्या की थांबायचो. ओमप्रकाशचं म्हणणं पडलं की एवढी मेहनत काहून करून राहिले, मोबाइलमध्ये ॲप आहे, बटन दाबलं की माणसाचं कार्टून होते. त्यानं माझ्या देखत ओळखपत्रावरचा फोटो त्यात घातला. जी बाई बाहेर आली ती अठरा वर्षांची होती, तिचे डोळे घारे होते आणि तिच्या मागं बर्फ पडत होता. वच्छला ते पाहून म्हणाली, हे कोन वं माय. ओमप्रकाशनं चहा घेतला आणि गेला.

काम सुरू झालं. मी जे दिसलं ते उतरवत गेलो, कारण तेच मला येतं. नकाशावर डाग दिसला तरी तो उतरवायचा असतो, न जाणो विहीर निघायची. त्यामुळे कॅसेट खराब झाल्यामुळे पडलेले आडवे पट्टेही मी उतरवले. मंडपाचे बांबू उतरवले, जनरेटर उतरवला. चौकट आखली. वर कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला, कारण त्याशिवाय कागद हातातून सोडायची मला सवय नाही. खाली लिहिलं, अनुरेखित : कि. पुं. राऊत. तपासले : आणि पुढं जागा.

ती जागा भरायला खुशालराव होते. खुशालराव आमचे निवृत्त शाखा अभियंता, समोरच्याच गल्लीत राहतात. नोकरीभर माझ्या नकाशांवर तपासल्याची सही त्यांचीच. निवृत्तीनंतर सही करायला काही मिळत नाही म्हणून ते जरा खंगले होते. मी गठ्ठा नेला तसे ते चष्मा न लावता, पानं नुसती वर करून, एका बैठकीत सह्या करून मोकळे झाले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले, असं त्यांच्या घरून कळलं.

वर्गात गीतांजलीनं ती चित्रं संगणकावर चालवली. पट्ट्यांच्या वादळातून काहीतरी सरकत होतं. कोपऱ्यात खुशालरावांची सही थयथय नाचत होती, आणि सासूबाईंपेक्षा उत्तर दिशा जास्त चालत होती. वर्गातली पोरं हसली नाहीत. माझ्या वयाचा मान ठेवला असावा, आणि तेच मला जास्त लागलं.

"काका, सगळं उतरवायचं नसतं," गीतांजली म्हणाली. "काय सोडायचं ते ठरवायचं. काम तेवढंच आहे."

"कोणी ठरवायचं?"

"तुम्ही."

घरी पायी आलो. ऑटोवाला ओळखीचा होता, त्यालाही नको म्हटलं. या वयात मला कोणी ठरवायला सांगेल असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस लग्नाची मूळ चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. जुन्या शहरातल्या त्यांच्या घरापुढचा मंडप. बायकांचा घोळका येतो. सगळ्यांपुढं एक भरदार बाई, डोक्यावर पदर, अंगावर हिरवं जरीचं पातळ, आणि चाल अशी की माणसं आपोआप बाजूला होतात. वधूमाय दुसरी कोण असणार. मागं स्वयंपाकघराचं दार, तिथं कोणी येतंय, वाकतंय, जातंय. मी निश्चय केला आणि सोडायला सुरुवात केली. पट्टे सोडले, बांबू सोडले, घोळका सोडला, मागचं दार सोडलं. गीतांजलीनं कारणं लिहून मागितली होती, ती खात्याच्या भाषेत लिहून दिली : अनावश्यक तपशील. उरल्या फक्त सासूबाई. पांढऱ्या कागदावर एकट्या, ठाम, चालत. उत्तर दिशाही काढून टाकली. तो दिवस मला जड गेला, पण संध्याकाळी आरशात पाहिलं तेव्हा मी स्वतःला कलावंत वाटलो.

वच्छलेला मात्र काही दाखवलं नाही. ती टीपॉयजवळ आली की मी वर्तमानपत्र टाकायचो. अपुरा नकाशा कोणाला दाखवायचा नसतो, हा खात्याचा नियम मी सासूबाईंनाही लावला.

एवढ्यात बातमी चंद्रभाननं सगळ्या गोतावळ्यात पोचवली होती. परतवाड्याहून ललिता मावशीचा फोन आला. ललिता मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, आता घरात सगळ्यांत मोठी. तीही नात्यानं माझी सासूच, त्यामुळे ती माझ्याशी बोलत नाही. फोन वच्छलेच्या हातात, स्पीकर सुरू, मी शेजारी.

"वच्छे, जवायाले इचार, मी हाये का त्याच्यात?"

मी वच्छलेला सांगितलं की सांग, फक्त सासूबाई घेतल्या आहेत, बाकी सगळ्यांना सोडलं. मग मावशी म्हणाली, तं मंग मी वास्तूले येऊन काय करू, चंदूले सांग, मावशीले कटवलं म्हना. आणि फोन ठेवला.

तासाभरात चंद्रभानचा फोन. मावशी आली नाही तर कलश कोण धरणार, भाऊजी एका मानसाले टाकाले काय जाते तुमचं. मी त्याला समजावलं की मावशी एक सेकंद चालली तर बारा मावश्या काढाव्या लागतात. तो म्हणाला, काढा ना मंग. त्यानंतर जे त्या लग्नाला नव्हतेच अशाही दोघातिघांचे फोन आले. चंद्रभानच्या व्याह्यांचा निरोप होता की आमाले एका कोपऱ्यात उभं केलं तरी चालन. मी ठाम राहिलो. कलावंतानं ठाम राहायचं असतं असं मी ऐकून होतो.

चित्रं पूर्ण झाली. गीतांजलीनं ती जोडून फोनवर पाठवली. दुपारची वेळ होती, वच्छला ज्वारी निवडत बसली होती. मी फोन तिच्यापुढं उभा केला आणि लावला. रेषांची बाई आली, चालली, गेली. वच्छलेनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं गहिवरली. मी पाण्याचा पेला आणून ठेवला.

"चाल बराबर उतरली," ती म्हणाली.

"हो ना?"

"ललिता मावशीची."

मी पेला उचलला आणि पाणी स्वतः प्यालो.

"आन् माय कुठी हाये याच्यात?"

मग तिनंच मूळ चित्रफीत लावायला सांगितली आणि ज्वारीची धूळ लागलेलं बोट पडद्यावर ठेवलं. मागचं दार. दारातून एक बारीक बाई परात घेऊन बाहेर येते, वाकते, परात ठेवते, वर बघते. बघते ते थेट नवरदेवाच्या पाटाकडे, म्हणजे माझ्याकडे. आणि बघितल्याबरोबर तोंडावर पदर ओढून आत जाते. पोरीच्या लग्नात पोरीची आई पुढं मिरवत नसते, मागच्या दारी राबत असते, हे कळायला मला नोकरीभर नकाशे काढायची गरज नव्हती. मी तिला सोडलं होतं. लेखी कारण देऊन सोडलं होतं.

वच्छला ती फीत पुन्हा मागं घेत होती. पदर पडण्याआधीचा क्षण तिला हवा होता. त्या क्षणाला कॅसेटवर नुसता पांढरा चुरा होता. तोंड नव्हतंच.

"इतके दिवस मावशीले चालवून राह्यले तुमी," ती म्हणाली, सूप उचललं आणि आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. मी तिला तिची आई दाखवतो म्हणालो होतो आणि तेवढीच एक बाई नेमकी गाळली होती. तिचं तोंड दिसत नव्हतं तेही माझ्यामुळे, कारण पदर माझ्यासाठी ओढला होता.

खुशालरावांकडे गेलो. म्हणालो, साहेब, तुमची तपासल्याची सही आहे. ते म्हणाले, "राऊत, मी नकाशा कधी तपासला नाही. खाली तुझं नाव आहे का तेवढं तपासत होतो." याला मी विश्वास समजू की काय, हे ठरवत परत आलो. ओमप्रकाशनं पुन्हा ॲपची आठवण करून दिली.

गीतांजलीनं मात्र कामाचं सांगितलं. मूळ चित्र नसेल तर तीच हालचाल दुसऱ्या कोणाकडून करवून घेतात आणि ती गिरवतात. तशी चाल असलेलं कोणी हवं. मी विचार करत घरी आलो. ओट्यावर बसलो होतो. वच्छला पापड वाळवायला परात घेऊन दारातून बाहेर आली, वाकली, परात ठेवली, कमरेवर हात देऊन उभी राहिली. डावा पाय जरा बाहेर. सासूबाईंचं तेव्हा जे वय होतं, ते हिचं आता झालं होतं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घरातल्या माणसाकडे कोण बघतो.

मी तिला सगळं सांगितलं. ती लगेच हो म्हणाली नाही. आत गेली आणि कपाटातून आईचं एक जुनं लुगडं काढून आली.

चित्रीकरण आमच्या मागच्या दारी झालं. मी मोबाइल धरून समोर बसलो. ओमप्रकाशनं दिवा धरला आणि मधून मधून वच्छलेला कसं चालावं ते सांगितलं. खुशालराव खुर्ची घेऊन देखरेखीला बसले. वच्छला बाहेर यायची, परात ठेवायची, वर बघायची आणि झटकन पदर ओढायची. दर वेळी. मी म्हणालो, पदर नको ओढू.

"जवाई बसेल हाये ना समोर," ती म्हणाली.

"जवाई साठीला आला. त्यालाही एकदा पाहू दे."

वच्छला आत गेली. पुन्हा बाहेर आली, परात ठेवली आणि बघितलं. पुढं तो क्षण गिरवताना एक रेष वाकडी गेली. गीतांजली नंतर म्हणाली, काका, तेवढी रेष सरळ करून घ्या. मी केली नाही.

या वेळी तपासायला मी वच्छलेलाच बसवलं. ती एकेक कागद उजेडाला धरून पाहायची आणि परत पाठवायची. माय चपला घालत नोती. बांगड्या इतक्या नोत्या. आणि हनुवटीवर गोंदण होतं, तीन टिपके. गोंदण चित्रफितीत नव्हतं, वच्छलेच्या हनुवटीवरही नव्हतं. मी तिच्या शब्दावर काढलं. मूळ नसताना कागदावर टेकवलेले ते माझे आयुष्यातले पहिले ठिपके. मावशीला मी काढून टाकलं नाही. ती पुढं चालत राहिली, मागचं दार तेवढं उघडलं.

परतवाड्याला कळवलं की मावशी त्यात आहे, आणि सगळ्यांपुढं आहे. मावशी वास्तूच्या आदल्या दिवशीच अकोल्याला येऊन बसली.

पूजा झाली, जेवणं झाली. हॉलची मोठी भिंत मोकळी होती. शिक्क्याचा फोटो चंद्रभाननं अजून लावला नव्हता. प्रोजेक्टर जोडला, तर भिंतीवर सगळं उलटं आलं. चंद्रभानच्या व्याह्यांनी, भाऊजींनी मानसं डोक्यावर चालवली, अशी टीका केली. ते सरळ झालं तर वीज गेली. वीज आली तोवर लोकांनी दुसऱ्यांदा चहा घेतला. मी या वेळी चहा पूर्ण प्यालो, न जाणो.

मग भिंतीवर ललिता मावशी चालू लागली. हॉलमध्ये एकच गलका झाला. मावशी सतरंजीवर पुढं बसली होती, तिनं पदर सारखा केला आणि शेजारणीला म्हणाली, पाय कसा उचलला पाह्य. त्या गलक्यातच मागचं दार उघडलं आणि परात घेऊन ती बाहेर आली. वाकली. परात ठेवली. कमरेवर हात गेला, डावा पाय जरा बाहेर.

"माय," चंद्रभान म्हणाला. एवढंच म्हणाला.

कागदावर ती वच्छला होती. एकेक रेष मी तिच्यावरून उतरवली होती, मला माहीत होतं. पण भिंतीवर सासूबाई होत्या, सासुरवाडीच्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर, आणि आता त्या माझ्याकडे बघणार होत्या. मी सवयीनं मान खाली घातली. सतरंजीची कड पाहत बसलो. वर पाहिलं तेव्हा भिंतीवर नुसतं दार होतं.

"चंदू," मावशी पदराआडून म्हणाली, "जवायाले सांग, वर पाहा म्हना. आता कोनी काई म्हनत नाई."

चंदूनं मला सांगितलं नाही. तो डोळे पुसत होता. "भाऊजी," तो म्हणाला, "आखीन एक डाव लावा."

लावलं. मी ठरवून बसलो होतो, तरी परात टेकली आणि माझी मान पुन्हा खाली गेली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा वच्छला उठून माझ्याजवळ येऊन बसली. सगळ्या गोतावळ्यासमोर, मावशी पाहत असताना, तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि मान वर करून तशीच धरून ठेवली.

साठाव्या वर्षी मी सासूबाईंचं तोंड पाहिलं. ओळखीचं वाटलं.